कार्तिकातल्या दोन तिथी आणि एकेश्वराचा विचार

कार्तिक शुद्ध एकादशी आणि कार्तिक पौर्णिमा या दोन तिथींमध्ये अवघ्या चार दिवसांचे अंतर आहे. एकादशीला चातुर्मासाची समाप्ती होते, पंढरीत कार्तिकी यात्रा भरते, आणि परंपरेनुसार शके ११९२ मधील, म्हणजे इ. स. १२७० मधील, याच तिथीला संतश्रेष्ठ नामदेवांचा जन्म मानला जातो. पौर्णिमेला आपण देवळाच्या दीपमाळेवर त्रिपुर पाजळतो, आणि त्याच दिवशी शीख बांधव गुरू नानकदेवांची (१४६९–१५३९) जयंती साजरी करतात. मधल्या दिवसांत घरोघरी तुळशीची लग्ने लागतात. विठ्ठलाच्या दारी पायरी होऊन राहिलेला भक्त आणि निराकाराचे गुणगान करीत देशोदेशी हिंडलेला गुरू, या दोघांची स्मरणे पंचांगाने एकाच पंधरवड्यात आणून ठेवली आहेत. हा योगायोग भाविकाला विचार करावयास लावणारा आहे.

पालघर, बोईसर आणि तारापूरच्या रहिवाशांना या विचाराचे अगत्य अधिक आहे. १९६९ साली तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले, शेजारी औद्योगिक वसाहत वाढली, आणि देशाच्या अनेक प्रांतांतील माणसे येथे पोटापाण्यासाठी आली. कारखान्याच्या पाळीत वारकरी घरातला गडी आणि नमाज पढणारा गडी एकाच यंत्रापाशी उभे असतात. मनोरवरून जाणाऱ्या अहमदाबादच्या हमरस्त्यावर मालमोटारी घेऊन येणारे पगडीधारी चालक तर आपल्या नित्याच्या परिचयाचे. अशा गावात शाळेतून परतलेले मूल एखाद्या दिवशी आजीला विचारते, “त्यांचा देव एक आहे, मग आपले एवढे का?” आजी प्रेमाने म्हणते, “बाळा, सगळे देव एकच.” उत्तर शुद्ध हेतूचे आहे, पण अपुरे आहे. ‘एक’ हा शब्द सर्वांच्या ओठी असला तरी तो उच्चारताना प्रत्येकाच्या मनात काय असते, हे जाणल्यावाचून शेजाऱ्याच्या श्रद्धेचा आदर केला असे म्हणता येत नाही. म्हणून या पर्वकाळात शीख आणि इस्लाम या दोन धर्मांतील एकेश्वराची कल्पना शेजारी शेजारी ठेवून पाहू.

अंक एक आणि शब्द एक

शिखांचा धर्मग्रंथ गुरुग्रंथसाहिब. पाचवे गुरू अर्जनदेव यांनी १६०४ साली त्याचे संकलन सिद्ध केले. त्याच्या आरंभी जे पहिले चिन्ह आहे, ते अक्षर नसून अंक आहे. गुरुमुखी लिपीतील ‘१’ आणि त्यापुढे ओंकार, अशी ती मांडणी आहे. शब्दाला पर्याय असतात, त्याचे अर्थ ताणता येतात. अंकाचे तसे नसते. ‘इक ओंकार’ असे त्याचे वाचन होते. त्यापुढे मूलमंत्रात परमेश्वराची लक्षणे येतात. त्यांचा आशय असा की, तो सत्यनाम आहे, सृष्टीचा कर्ता आहे, त्याला कोणाचे भय नाही व कोणाशी वैर नाही, काळाचा त्याला स्पर्श नाही, तो कोणत्याही योनीत जन्मास येत नाही, तो स्वयंभू आहे, आणि त्याची प्राप्ती गुरूच्या कृपेने होते.

कुराणातील एकशेबाराव्या अध्यायाचे नाव ‘इख्लास’, म्हणजे निर्भेळ निष्ठा. अवघ्या चार वचनांच्या या अध्यायात इस्लामच्या ईश्वरकल्पनेचे सार आले आहे असे मुस्लिम भाविक मानतात. ईश्वर एक आहे. त्याला कोणाची गरज नाही, सर्वांना मात्र त्याची गरज आहे. त्याने कोणाला जन्म दिला नाही आणि कोणी त्याला जन्म दिला नाही. त्याच्या तोडीचे दुसरे काही नाही, हा त्याचा अभिप्राय. या सिद्धांताला ‘तौहीद’ म्हणतात. ‘अल्लाह’ या अरबी नामाला अनेकवचनच नाही, ही गोष्टही येथे ध्यानी घेण्यासारखी आहे.

या दोन वर्णनांतील साम्य कोणाच्याही सहज लक्षात येईल. दोहोंतही ईश्वर अजन्मा आहे, निराकार आहे, आणि मूर्तिपूजेला दोहोंतही स्थान नाही. इतकेच नव्हे तर भक्ताने आपली इच्छा ईश्वराच्या इच्छेत विलीन करावी, हाही उपदेश समान आहे. ‘इस्लाम’ या शब्दाचा अर्थच समर्पण असा आहे. नानकदेवांच्या शिकवणीत ‘हुकम’ या कल्पनेला मोठे महत्त्व आहे. सारे विश्व त्या एकाच्या हुकमाने चालते आणि तो ओळखून वागणे हाच धर्म, असे ते सांगतात. हा शब्द मूळचा अरबी, आणि आपल्या मराठीतही तो शेकडो वर्षे नांदतो आहे. पंजाबातील संतपरंपरा आणि सूफी परंपरा यांचा किती निकटचा सहवास होता, याची साक्ष अशा शब्दांतून मिळते. स्वतः नानकदेवांच्या भ्रमंतीत रबाब वाजवून त्यांची साथ करणारा मर्दाना हा मुसलमान होता.

भेद कोठे आहे?

एवढे साम्य पाहून, दोन्ही धर्म एकच गोष्ट सांगतात असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. जो भेद आहे तो ईश्वर एक की अनेक या प्रश्नात नाही. तो एक आणि हे जग यांचे नाते काय, या प्रश्नात तो आहे.

इस्लामच्या दृष्टीने निर्माता आणि निर्मिती यांत एक मर्यादारेषा आहे, आणि ती पुसणे हा सर्वांत मोठा दोष. ईश्वराच्या बरोबरीने दुसऱ्या कोणाला बसविणे याला ‘शिर्क’ म्हणतात. हा नियम इतका कडक आहे की, प्रत्यक्ष प्रेषित महंमद हेही ईश्वराचे दास व दूतच मानले जातात, पूजेचे अधिकारी नव्हेत. सृष्टी ही ईश्वराची खूण आहे, पण ती ईश्वर नाही. मात्र म्हणून तो दूर कोठे बसला आहे असे समजू नये. माणसाच्या मानेतील शिरेहूनही तो त्याला जवळ आहे, असे कुराण सांगते. तो जवळ आहे, पण वेगळा आहे. माणसाला जन्म एकच, आणि अखेरीस निवाड्याचा दिवस. प्रेषितांची परंपरा महंमदांपाशी पूर्ण झाली, ही निष्ठाही तौहीदच्या जोडीला येते.

शीख विचारात कर्ता आपल्या कृतीत भरून राहिला आहे. तो निर्गुण आहे आणि सगुणही आहे, असे गुरुवाणी सांगते. येथे मराठी वाचकाने थोडे थांबावे. ‘सगुण’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विटेवरची मूर्ती उभी राहते. शिखांच्या सगुणाचा अर्थ तो नव्हे. साऱ्या सृष्टीत, प्रत्येक घटात जो प्रकटला आहे तो त्यांचा सगुण; मूर्तीत किंवा अवतारात बांधलेला नव्हे. गुरुग्रंथसाहिबात राम, हरी, गोविंद ही नावे ठायी ठायी येतात, आणि अल्ला, खुदा, रहीम हीही येतात. परंतु तेथील राम हा मुख्यत्वे सर्वांत रमणारा परमेश्वर आहे. तो योनीत येत नाही असे म्हटल्यावर अवतारकल्पनेला तेथे जागा उरत नाही. दहा गुरूंनाही शीख अवतार मानीत नाहीत. ग्रंथापुढे ते मस्तक टेकवितात ते गुरू म्हणून, ईश्वराची मूर्ती म्हणून नव्हे. कर्म आणि पुनर्जन्म त्यांना मान्य आहेत, आणि त्या फेऱ्यातून सुटका होते ती नामस्मरणाने व ईश्वराच्या कृपादृष्टीने.

थोडक्यात असे म्हणता येईल की, इस्लामचा एक म्हणजे ज्याच्या बरोबरीला दुसरा नाही तो. शिखांचा एक म्हणजे ज्याच्यावाचून कोणतेही स्थळ रिते नाही तो. पहिल्याचा भर ईश्वराच्या अद्वितीयत्वावर आहे, दुसऱ्याचा त्याच्या व्यापकत्वावर.

सरहिंदचा वाद आणि आपले आचार्य

ही मांडणी करताना एक सावधगिरी बाळगावी लागते. कोणताही मोठा धर्म एकाच सुरात बोलत नसतो. इस्लाममध्येही, स्पेनमध्ये जन्मलेले सूफी तत्त्वज्ञ इब्न अरबी (११६५–१२४०) यांच्या परंपरेने असा विचार मांडला की, खरे अस्तित्व एकाच ईश्वराचे असून बाकी सारे त्याचेच प्रकटीकरण आहे. फारसीत हा विचार ‘हमा ओस्त’, म्हणजे ‘सर्व तोच आहे’, या शब्दांनी ओळखला जातो. पुढे पंजाबातील सरहिंदचे शेख अहमद (१५६४–१६२४) यांनी त्याला ठाम विरोध केला. साधकाला सर्वत्र तोच दिसतो हे खरे, पण ती त्याच्या दृष्टीची अवस्था आहे, वस्तुस्थिती नव्हे. ‘हमा अज ओस्त’, म्हणजे ‘सर्व त्याच्यापासून आहे’, असे म्हणणेच योग्य, असा त्यांचा आग्रह होता.

‘सर्व तोच’ आणि ‘सर्व त्याच्यापासून’ या दोन वाक्यांत फरक एका शब्दाचा, पण त्यावर शतकानुशतके वाद झडले. शंकराचार्यांचे अद्वैत आणि मध्वाचार्यांचे द्वैत यांचा वाद ज्यांनी ऐकला आहे, त्यांना यात अपरिचित असे काही वाटणार नाही. जीव आणि शिव एक की भिन्न, हा प्रश्न आपल्याही आचार्यांनी सोडला नाही. अर्थात, एकाच्या स्वरूपाविषयीचा प्रश्न सर्वांच्याच घरात आहे. तो दुसऱ्याच्याच घरात आहे असे समजून बोट दाखविण्यात अर्थ नाही.

एकाच ग्रंथात नामदेव आणि फरीद

सरहिंदचे शेख अहमद आणि गुरू अर्जनदेव (१५६३–१६०६) हे समकालीन होते. ज्या पंजाबात हा वाद चालू होता, त्याच पंजाबात गुरू अर्जनदेवांनी आपल्या ग्रंथात गुरूंच्या वाणीबरोबर पंधरा भक्तांच्या रचना घेतल्या. त्यांत पाकपट्टणचे सूफी शेख फरीद आहेत, काशीचे कबीर आणि रविदास आहेत, आणि आपले नामदेव आहेत. नामदेवांची एकसष्ट पदे त्या ग्रंथात आहेत. चिश्ती परंपरेतील मुसलमान साधू आणि पंढरीचा वारकरी, दोघांनाही एकच आसन मिळाले.

नामदेवांच्या त्या पदांत विठ्ठलाचे नाव आहे. शिंपी घराण्यातल्या या भक्ताने पंढरीचा देव पंजाबात नेला. आणि त्याच पदांत देऊळ व मशीद या दोहोंच्या पलीकडे असणाऱ्या ईश्वराची सेवा आपण करतो, असा भावही आहे. मूर्तीपुढे नैवेद्य घेऊन हट्ट धरणारा बाल नामदेव आणि सर्वत्र एकच गोविंद पाहणारा प्रौढ नामदेव यांत आपली वारकरी परंपरा विरोध मानीत नाही. सगुणाची वाट चालत निर्गुणाच्या अंगणात जाता येते, अशीच तिची धारणा आहे. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे नामदेवांचे स्थान आजही पंजाबी भाविक भक्तीने पूजितात. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले, ते याच ऋणानुबंधाने.

या इतिहासात केवळ स्नेह आहे असे नव्हे. ग्रंथ सिद्ध झाल्यावर दोनच वर्षांनी, १६०६ मध्ये, जहांगीराच्या राजवटीत लाहोरला गुरू अर्जनदेवांचा छळ होऊन अंत झाला. १६७५ मध्ये औरंगजेबाच्या काळात दिल्लीस गुरू तेगबहादूर यांनी बलिदान केले. एवढे झाल्यावर ग्रंथातून फरीदांची वाणी काढून टाकावी असे कोणाच्या मनात आले असते तर ते मानवी स्वभावाला धरूनच झाले असते. पण तसे घडले नाही. गुरू गोविंदसिंहांनी आपल्या हुतात्मा पित्याची पदे ग्रंथात समाविष्ट केली, आणि फरीदांचे श्लोक होते तेथेच राहिले. जुलमी सत्ता आणि त्या सत्ताधाऱ्याच्या धर्मातील साधुत्व यांत फरक करण्याचा हा विवेक कोणत्याही काळात दुर्मीळच म्हटला पाहिजे.

पुढे १७०८ साली गोदावरीच्या तीरी नांदेड येथे गुरू गोविंदसिंहांनी देह ठेवला, आणि त्यापूर्वी यापुढे ग्रंथ हाच गुरू असे सांगितले. नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी हे गाव याच मराठवाड्यात, आजच्या हिंगोली जिल्ह्यात आहे. चार शतकांपूर्वी या मातीतून पंजाबात गेलेली वाणी गुरुपदाच्या अधिकाराने या मातीत परत आली, आणि येताना शेख फरीदांना बरोबर घेऊन आली. नांदेडच्या हुजूर साहिब तख्तावर जो ग्रंथ विराजमान आहे, त्याला वंदन करणारा प्रत्येक शीख या दोघांनाही वंदन करीत असतो.

चिंचणीचा ताम्रपट

नांदेड आपल्यापासून दूर आहे. परंतु भिन्न ईश्वरकल्पना बाळगणाऱ्यांनी परस्परांशी कसे वागावे, याचे एक उदाहरण अगदी आपल्या उंबरठ्याशी, तारापूरलगतच्या चिंचणी गावी सापडले आहे. तेथे मिळालेल्या राष्ट्रकूटकालीन ताम्रपटांचे वाचन विख्यात पुराभिलेखतज्ज्ञ दिनेशचंद्र सरकार यांनी प्रसिद्ध केले. त्यांतील शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ चा ताम्रपट राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या इंद्राच्या काळचा आहे. त्या वेळी संयान, म्हणजे आजचे संजाण, हे या किनाऱ्याचे मुख्य ठाणे होते, आणि त्या मंडळाचा कारभार एका ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. ताम्रपटात त्याचे नाव ‘मधुमती’ असे आले आहे. ‘मुहम्मद’ या नावाचे ते संस्कृत रूप होय, असे अभ्यासकांचे मत आहे.

या अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत अण्णैय नावाच्या ब्राह्मणाने संयान येथे देवीची मठिका बांधली. तिच्या व्यवस्थेसाठी व देवीच्या नैवेद्यासाठी जमीन दान देण्यात आली, आणि ते दान या ताजिक अधिकाऱ्याने राजाच्या संमतीने दिल्याची नोंद ताम्रपटात आहे. त्याने दोन प्रवाहांवर लोकांसाठी विनामूल्य तरीची सोय केली आणि तांदळाचा भात, कालवण व तूप मोफत वाढणारे अन्नसत्रही घातले, असेही त्यात म्हटले आहे. जाती-पंथ न विचारता एका पंगतीत जेवू घालणारा शिखांचा लंगर आपण आज आदराने पाहतो. त्याच्या कितीतरी शतके आधी अन्नदानाचे हे पुण्य एका अरब अधिकाऱ्याने या किनाऱ्यावर जोडले होते.

या लेखातील महत्त्वाची गोष्ट अशी की, तो त्या अधिकाऱ्याला ताजिकच म्हणतो आणि देवीला देवीच म्हणतो. दोघांतील भेद झाकण्याची गरज कोणाला वाटली नाही, आणि त्या भेदामुळे नैवेद्यही अडला नाही. सलोख्यासाठी सर्वांनी एकसारखे व्हावे लागत नाही, हा धडा अकराशे वर्षांपूर्वी याच भूमीत तांब्यावर कोरला गेला.

देवघरापुढचे उत्तर

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. त्याला काय सांगावे? प्रथम हे सांगावे की, एक ईश्वर ही कल्पना आपल्याला परकी नाही. देवघरात गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि कुलस्वामिनी यांचे टाक शेजारी शेजारी असले तरी तेवत असते ती समई एकच असते. वारकऱ्याचा एक म्हणजे जो भक्ताच्या प्रेमाखातर रूप घेऊन कटीवर कर ठेवून उभा राहिला तो. त्याची मूर्ती ही त्याची मर्यादा नसून आपल्यावरील त्याची कृपा आहे, असे आपण मानतो.

त्यानंतर हेही प्रामाणिकपणे सांगावे की, आपला मुसलमान शेजारी असे मानीत नाही. रूप दिल्याने ईश्वराचे एकत्व उणावते असे त्याला वाटते, आणि ते वाटणे त्या एकाविषयीच्या त्याच्या आत्यंतिक आदरातून आलेले आहे. शीख शेजारीही मूर्ती करीत नाही. जो सर्वत्र भरला आहे त्याला एका ठायी का आणावे, असा त्याचा प्रश्न आहे. तिघांचे म्हणणे वेगळे आहे, पण तिघेही खोटे बोलत नाहीत. ज्याच्यापुढे ते नम्र होतात तो आपल्याहून मोठा आहे, एवढी एक गोष्ट तिघांनाही मान्य आहे, आणि धर्माचा आरंभ तेथेच होतो.

सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथ महाराजांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. त्यात एक हिंदू आणि एक तुर्क परस्परांच्या देवकल्पनेवर आणि आचारांवर कडाडून टीका करतात, कोणी कोणाची भीड ठेवीत नाही. परंतु वादाच्या अखेरीस दोघे परमार्थाचे मर्म ओळखून एकमेकांना आलिंगन देतात. नाथांनी आधी वाद होऊ दिला आणि मग भेट घडविली, हा क्रम मननीय आहे. न बोलता मनात ठेवलेला दुरावा तसाच राहतो. समजून घेऊन, प्रसंगी वाद घालून, मग जोडलेला स्नेह टिकतो. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान राहूनच मराठी भाविकांचे संत झाले आणि त्यांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत रचला, तोही याच भूमीचा संस्कार.

येत्या पौर्णिमेला दीपमाळेवर त्रिपुर लागेल. पुराणकथेप्रमाणे शंकरांनी त्या दिवशी त्रिपुरासुराची तीन पुरे जाळली. त्रिपुर म्हणजे देहाभिमानाची तीन पुरे, असा त्याचा अर्थ जाणती मंडळी करीत आली आहेत. त्याच रात्री गुरुद्वाऱ्यांतही दिवे उजळलेले असतील. एका गुरूने अंकाने ज्याची खूण केली, एका प्रेषिताने ज्याला उपमा देण्यास मनाई केली आणि एका शिंप्याने ज्याला विठ्ठल म्हणून हाक मारली, त्याच्या स्मरणाने आपल्या ओसरीवरची पणती लावावी. आणि आपल्या शेजाऱ्याचा एक कसा आहे, हे कधी निवांतपणे त्याच्याच तोंडून ऐकावे. पर्वकाळाचे याहून मोठे पुण्य ते कोणते?